मदत केव्हा पोहोचते?



समाजकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मदत येते. कोणाची फी थकली, कोणी इस्पितळात पडला, कोणाचा मुलगा दहावीत नापास झाला, की आपण धावतो. बोळिंज असो वा सोपारे, अशा वेळी हात आखडता घेणारे थोडेच. ही रीत मोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही. मला एवढेच विचारावयाचे आहे की, ही मदत पोहोचते केव्हा?

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने आदिवासी बालके दगावली. तेव्हा आपला हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि मग यंत्रणा हलली. पण मूल काही एका रात्रीत कुपोषित होत नाही. ते पोटात असताना आईची उपासमार होते, जन्मल्यावर वजन महिनोन्‌महिने मागे पडत जाते. तराजू त्या महिन्यांत हवा होता.

दुःखाची गोष्ट ही की, वेळेआधी पोहोचण्याची विद्या याच जिल्ह्यात जन्मली होती. विरारहून डहाणूची लोकल पकडा, घोलवडजवळ बोर्डी आहे. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले येईनात. या दोघी बायांनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांनी वस्तीच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे, मग गाणी आणि खेळ. हीच अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील मुले गुरे राखावयास जात, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. तिला कुरणशाळा म्हणत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

आता कोणी म्हणेल, याने खरोखर जीव वाचतात काय? गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांतील बायांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी उतरले होते. मोठे इस्पितळ बांधून हे साधलेले नाही. गावचीच बाई, पाठीवर पिशवी, आणि ठरलेल्या दिवशी घरी फेरी.

पालकहो, शिक्षणातही असेच घडते. नववीत शाळा सोडणारा मुलगा त्या दिवशी शाळा सोडत नाही. तिसरीत त्याला फळ्यावरचे दिसत नव्हते, हे कोणी पाहिले नाही. पाचवीत तो आठवड्यातून दोन दिवस गैरहजर राहू लागला, तेव्हा चौकशी झाली नाही. मुलीच्या बाबतीत तर धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी ठेवणे हे आपण खाडाच धरत नाही! मग दहावीच्या शिकवणीसाठी रमजानमध्ये जकातीचे पैसे गोळा होतात. ते द्यावेतच. पण तिसरीतील चष्म्याला त्याच्या तुलनेत किती लागले असते, याचा हिशेब एकदा घरी करून पाहा.

अडचण मला ठाऊक आहे. आलेल्या संकटाचा फोटो निघतो, टळलेल्या संकटाचा निघत नाही. देणगीदारालाही दाखवावयास काही लागते. तरीही मी सुचवितो की, निधीचा एक हिस्सा पहिली ते चौथीच्या मुलांसाठी आधीच बाजूला काढावा. जून-जुलैत डोळे, कान व वजन यांची तपासणी व्हावी. सलग तीन दिवस मूल आले नाही, तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी कोणीतरी जावे, रागावण्यासाठी नव्हे, विचारण्यासाठी.

हे काम वरच्या वर्गातील विद्यार्थी उत्तम करतील. आपल्या गल्लीतील पाच लहान मुलांची हजेरी पाहावयास कोण तयार आहे? सभा संपल्यावर मी दाराशी वही घेऊन बसणार आहे.