टाकीचा काटा

मंडळी, शहाडच्या पुलावर आमची जुनी जीप बंद पडली. मागे बाळंतपणाची बाई, कल्याणला न्यायची. काटा अर्धी टाकी दाखवीत होता आणि टाकी तर कोरडी! बाईला दुसऱ्या गाडीने पाठवले.

काटा खोटे का बोलला? टाकीत एक पोकळ गोळा तरंगतो. डिझेलबरोबर तो वर-खाली होतो. त्याची खबर तारेने काट्याला पोचते.

आम्ही चावी बंद करून टाकीवरची ती तार सोडली. टाकीच्या तोंडापासून लांब, गाडीच्या उघड्या लोखंडाला धरली आणि चावी फिरवली. बिडी आधीच विझवली होती, बरं का! काटा झटकन हलला. म्हणजे तार, काटा ठीक. हलला नसता, तर दोष त्यांत. आमचा गोळाच अर्ध्यावर अडकला होता.

नवा गोळा बसेपर्यंत टाकीत लाकडी पट्टी बुडवून ओल पाहतो.