एक घड्याळ, दोन गावे



आज मी आपल्याला देशाच्या दोन टोकांना असलेल्या दोन लहान गावांकडे नेणार आहे. पश्चिमेला गुजरातमधील ओखा आणि पूर्वेला आसाममधील दिग्बोई. मुलांनो, घरी गेल्यावर नकाशा उघडा. या दोन गावांत सुमारे साडेसव्वीस रेखांशांचे अंतर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे ओख्यापेक्षा दिग्बोईला सूर्य १०६ मिनिटे, जवळजवळ पावणेदोन तास, आधी डोक्यावर येतो.

घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच! मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावरची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून देशात लागू झाली. आगगाड्या आणि तारा यांसाठी एक वेळ हवीच होती. आपल्या मुंबईला मात्र ती लवकर पटली नाही. ३९ मिनिटे मागे असलेला ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता.

आता या गावांचा स्वभाव पाहा. दिग्बोई तेलाचे गाव. तेथील तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ पासून चालू आहे. आसपास चहाचे मळे. डिसेंबरात तेथे सूर्य सहाच्या आधी उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. कचेरी सुटण्याआधीच दिवेलागण! म्हणून आसामच्या चहामळ्यांनी इंग्रजांच्या काळापासून आपले घड्याळ एक तास पुढे ठेवले. त्याला ‘बागान टाइम’ म्हणतात.

ओखा हे बंदर. पूर्वी हा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांचा होता. येथे डिसेंबरात सूर्य सातनंतर उगवतो आणि सहानंतर मावळतो. समुद्रावर पोट असलेला माणूस घड्याळापेक्षा भरती-ओहोटी अधिक पाहतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दिग्बोईचा मजूर उजेडाच्या मागे धावतो, ओख्याचा मच्छीमार पाण्याच्या.

रमजानचे वेळापत्रक आपल्या प्रत्येकाच्या घरी असते. त्यावर गावाचे नाव का छापतात, याचा विचार केला आहे का? इफ्तार घड्याळाच्या हुकमाने होत नाही, त्या गावच्या सूर्यास्ताने होतो. दिग्बोईचा रोजेदार खजूर तोंडात घालतो, तेव्हा ओख्याचा असरनंतर आपल्या कामात असतो. घड्याळ माणसाने सोयीसाठी केले. दिवस-रात्र त्याच्या हातात नाही.

यातून आपण पालकांनी काय घ्यायचे? आपण मुंबई-कोकणची माणसे ओख्याच्या बाजूची. आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या मानाने उशिरा मावळतो. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातील मुलांचा याच अंगाने अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, जेथे सूर्य उशिरा मावळतो तेथे मुले उशिरा झोपतात. शाळेची घंटा मात्र ठरल्या वेळीच होते. मग झोप कमी पडते आणि शिक्षणाचे नुकसान होते. ही झळ गरीब घरांना अधिक बसते. एका खोलीत सारे कुटुंब, दिवा चालू, बाहेर गलबला. अशा घरात मूल झोपणार केव्हा?

देशाला दोन प्रमाणवेळा असाव्यात, असे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये सुचविले. सरकारने ते अजून स्वीकारलेले नाही. तो निर्णय दिल्लीत होईल तेव्हा होईल. घरातला दिवा केव्हा मालवायचा, हा निर्णय मात्र आपला आहे. फी, पुस्तके, शिकवणी यांसाठी आपण पोटाला चिमटा घेतो. त्याच कळकळीने मुलाची झोपही राखा. जेवण वेळेवर आटोपा, टीव्ही आणि मोबाइल बंद करा, मोठ्यांच्या गप्पा अंगणात न्या. पहिल्या तासाला डुलक्या घेणारे मूल आळशी आहे असे म्हणण्यापूर्वी, ते रात्री किती वाजता झोपले एवढे विचारा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या आपल्या गावाचा रेखांश शोधा, साडेब्याऐंशीतून वजा करा, चाराने गुणा. आपल्या गावचा सूर्य घड्याळाच्या किती मिनिटे मागे आहे ते वहीत लिहून मला दाखवा.