पाण्यात उतरणे



कार्यकारिणीने मला आरोग्यविषयक व्याख्यान देण्याची आज्ञा केली होती. मधुमेह आणि रक्तदाब या विषयांवर आपण माझे पुष्कळ ऐकले आहे, आणि त्यानंतरच्या भोजनात जिलेबीही तितक्याच निष्ठेने घेतली आहे. म्हणून आज अध्यक्षांच्या अनुमतीने निराळ्या विषयावर बोलते. गेल्या जूनमध्ये मी एकटीच राइट्सव्हिल बीच येथे तीन दिवसांच्या सर्फ कॅम्पला गेले होते. ही वार्ता मी परतण्यापूर्वीच कॅरीतील आपल्या घराघरांत पोहोचली होती. डॉक्टरबाईंना या वयात हे काय सुचले, आणि तेही एकट्या, असा प्रश्न अनेकांनी प्रेमाने विचारला. त्याचे उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजते.

माझे गाव मराठवाड्यातले. नदीवर वरचा पाणवठा गावाचा आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाचा आमचा. विहिरीपासून दूर उभे राहून कुणीतरी वरून घागरीत पाणी ओतण्याची वाट पाहण्यात माझ्या आईचे बालपण गेले. गावातील इतर मुले पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. आम्हाला मिळालेला पहिला धडा ‘पाण्याजवळ जाऊ नकोस’ हा होता. त्या वाक्यात दोन भये होती, बुडण्याचे आणि मार खाण्याचे. लहान वयात ती वेगळी करता येत नाहीत, आणि मोठेपणी ती वेगळी करायचे आपल्या ध्यानातही राहत नाही. १९७०च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ चालवावी लागली, यावरून महाडनंतर अर्ध्या शतकानेही परिस्थिती काय होती हे लक्षात यावे.

महाडचा इतिहास आपणांस मी काय सांगावा! १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चालत जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. पुढे तळ्याचे शुद्धीकरण झाले. न्यायालयातील लढा १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! माझ्या छोट्या सहलीची त्याच्याशी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. महाडच्या माणसांनी डोकी फोडून घेतली. मी फी भरून गेले होते.

वयाच्या पन्नाशीनंतर मी येथील तरणतलावात लहान मुलांच्या रांगेत उभी राहून पोहायला शिकले. दोन हिवाळे लागले. समुद्राला मात्र भीत होते. कॅरीहून तो किनारा आंतरराज्य महामार्ग चाळीसवरून सुमारे अडीच तासांचा. एकटीने जाण्याचे कारण सांगणे मला थोडे अवघड जाते. आपल्या पिढीतील बहुतेकांनी आयुष्यात काहीही एकट्याने केलेले नाही. वैद्यकीय महाविद्यालयात मी होते तेव्हा माझ्यासोबत सारी वस्ती परीक्षेला बसत असे. मी नापास झाले असते तर वस्ती नापास झाली असती, आणि ‘राखीव जागेवर आलेली’ हे वाक्य तर दाराशी उभेच होते. आपल्याला पडून पाहण्याची मुभा कधी नव्हती. जेथे मला कुणी ओळखत नाही, जेथे मी कुणाची प्रतिनिधी नाही, तेथे जाऊन एकदा मनसोक्त पडावे, अशी इच्छा होती. बावीस वर्षांचे बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांनाही त्या अनोळखीपणात काही मोकळेपण लाभले असेल काय, असे मला अनेकदा वाटते.

पडले मात्र भरपूर! फळीवर पालथे झोपायचे, लाट मागून आली की हातांनी पाणी मारायचे, फळीने वेग घेतला की तळहात टेकून एका झटक्यात उभे राहायचे, एवढीच ती विद्या. घोट्याला दोरी बांधलेली, म्हणून फळी दूर जात नाही. आमचा प्रशिक्षक माझ्या मुलापेक्षाही लहान. त्याने प्रथम किनाऱ्यापासून आत ओढणाऱ्या प्रवाहाविषयी शिकवले: त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडावे, मग परतावे. पहिल्या दिवशी मी तीसएक वेळा पडले. लाटा पाहून अनित्यतेचे चिंतन झाले, असे सांगता आले असते तर या व्यासपीठाला शोभले असते. पण नाकात खारे पाणी गेल्यावर चिंतन होत नाही. नाडीचे ठोके मात्र मी सवयीने मोजले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी उभी राहिले, चार-पाच सेकंद असेन. नंतर उथळ पाण्यात बसून पुष्कळ वेळ रडले. कुणीही कारण विचारले नाही.

त्याच सायंकाळी किनाऱ्याच्या उत्तर टोकाकडे फिरायला गेले. तो भाग पूर्वी शेल आयलंड नावाचे वेगळे बेट होता. १९२३ साली तेथे कृष्णवर्णीयांसाठी विश्रामस्थान उभारले गेले, कारण अलीकडच्या किनाऱ्यावर त्यांना स्थान नव्हते. १९२६ साली आगीत ते नष्ट झाले. नंतर मधली खाडी बुजवली गेली. आज तेथे चालताना त्या जागेचा पूर्वेतिहास कळण्यासारखे मला काही दिसले नाही. पुढे मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे डॉ. गिल्बर्ट मेसन या कृष्णवर्णीय वैद्याने १४ मे १९५९ रोजी काही सहकारी व मुलांसह समुद्रात उतरून बंदी मोडली. २४ एप्रिल १९६० रोजी जमावाने काठ्या व साखळ्यांनी त्या सत्याग्रहींना मारहाण केली. किनारा सर्वांचा आहे हे न्यायालयाने १९६८ साली मान्य केले. माझ्याच व्यवसायातील या माणसाचे नाव मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते, याची लाज वाटली. दवाखाना सांभाळून तो पाण्यात उतरला होता. मी ज्या पाण्यात फी भरून खेळले, तेथे माझ्यासारख्या रंगाच्या बाईला सहज उतरता येते, यात त्या माणसांचा वाटा आहे.

रात्री आईला दूरध्वनी केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. सर्फिंग म्हणजे काय, हे मी तिला समजावू शकले नाही. फळीवर उभे राहून काय मिळते, हा तिचा प्रश्न रास्तच होता. समुद्रात उतरले होते, एवढेच सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कुणी काही बोललं का गं तुला?” मी म्हणाले, “नाही आई, कुणी नाही.” “मग बरं झालं,” असे म्हणून तिने मुलांची चौकशी सुरू केली.

आता कामाचे. आपल्या मुलांपैकी कित्येकांना पोहता येत नाही, हे मी सहलींत पाहिले आहे. आणि आपल्या भगिनींची संख्या तर मोजायलाच नको. येत्या हिवाळ्यात दर शनिवारी सकाळी मी तरणतलावावर सोबत येण्यास तयार आहे. वयाची अट नाही. भोजनापूर्वी नावे माझ्याकडे द्यावीत.

जयभीम.