राज्यच संपलं, म्हणून संपलेलं मंत्रिमंडळ

आज म्हैसूरहून बोलतोय. इथला राजवाडा आणि दसरा तुम्हाला ठाऊकच आहे. आज बोलूया जुन्या म्हैसूर राज्याच्या शेवटच्या मंत्रिमंडळाबद्दल.

औटघटकेचं सरकार म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला नोव्हेंबर २०१९ मधला पहाटेचा शपथविधी आठवतो. चौथ्या दिवशी राजीनामा! कर्नाटकात मे २०१८ मध्ये येडियुरप्पांचं सरकार १७ तारखेला आलं आणि १९ तारखेला गेलं. दोन्हीकडे कारण एकच, बहुमत नव्हतं.

कडिदाळ मंजप्पांची गोष्ट वेगळी आहे. हे शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी भागातले वकील. कूळ कायदा आणि इनामं रद्द करण्याच्या कामासाठी त्यांचं नाव आजही घेतलं जातं. ऑगस्ट १९५६ मध्ये केंगल हनुमंतय्या स्वपक्षीय आमदारांच्या नाराजीमुळे पायउतार झाले. विधानसौध उभारणारे ते हेच. १९ ऑगस्टला मंजप्पा मुख्यमंत्री झाले. पुढे बाराच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, राज्य पुनर्रचनेच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. १ नोव्हेंबरपासून जुनं म्हैसूर राज्य राहणार नव्हतं. म्हणजे या सरकारच्या शेवटाची तारीख कायद्यातच ठरली. उणेपुरे अडीच महिने!

नव्या राज्यात काय काय आलं? मुंबई राज्यातून विजापूर, धारवाड, कारवारचा मुलूख आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव. हैदराबादमधून गुलबर्गा, रायचूर आणि बिदरचा बराचसा भाग. मद्रासमधून मंगळूरकडचा प्रदेश. शिवाय कोडगू. जुन्या म्हैसुरात सगळेच खूश नव्हते. आपला पैसा तिकडे जाईल, आपलं वजन कमी होईल, ही धास्ती इथेही होती.

३१ ऑक्टोबरला मंजप्पांचं सरकार संपलं. दुसऱ्या दिवशी निजलिंगप्पा नव्या राज्याचे मुख्यमंत्री झाले. आणि गंमत बघा, इथले महाराज जयचामराज वाडियार आदल्या दिवसापर्यंत राजप्रमुख होते, ते आता राज्यपाल झाले. लोकांनी निवडलेलं सरकार गेलं, महाराज नव्या नावानं राहिले!

पण ही तारीख सगळ्यांना सारखी नाही. १ नोव्हेंबर हा कन्नड माणसाचा राज्योत्सव. बेळगावच्या सीमाभागातला मराठी माणूस तोच दिवस काळा दिन म्हणून पाळतो. आणि जुन्या म्हैसूरच्या दृष्टीनं तो आपलं छोटं राज्य मोठ्या राज्यात विरघळल्याचा दिवस. एकाच कायद्याचे हे तीन अर्थ. सीमेच्या वादावर बोलताना आपण पहिले दोनच ऐकतो, तिसरा कानावरच येत नाही.

असंच आणखी एक उदाहरण १९६२ चं. निजलिंगप्पा निवडणूक हरले, म्हणून मार्चमध्ये विजापूरकडचे एस. आर. कंठी मुख्यमंत्री झाले. निजलिंगप्पा बागलकोटमधून निवडून आले आणि जूनमध्ये कंठींनी खुर्ची त्यांच्या हवाली केली.

किती दिवस टिकलं, हे मोजणं सोपं आहे. पण सरकार का गेलं आणि जाताना मागे काय ठेवून गेलं, हेही विचारायला हवं. मंजप्पांच्या सरकारला कुणी पाडलं नाही. त्यानं एक अख्खं राज्य पुढच्यांच्या हाती सोपवलं. अडीच महिन्यांत हे काही लहान काम नव्हे.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!