टपालातील दूषित फायलींची व्यवस्था



संगणकावरील टपाल आपल्या हाती पडण्यापूर्वी टपाल-सर्व्हरवर उतरते. तेथे विषाणू शोधण्याकरिता पुष्कळ ठिकाणी ‘क्लॅमएव्ही’ हा विनामूल्य प्रोग्राम योजतात. त्यातील ‘क्लॅमस्कॅन’ला चित्रे नाहीत की बटणे नाहीत, आज्ञा टंकावी लागते. दूषित फायलीचे नाव तो पडद्यावर लिहितो आणि शेवटी एक अंक परत करतो. 0 म्हणजे काही सापडले नाही, 1 म्हणजे विषाणू सापडला, 2 म्हणजे तपासणीतच चूक झाली. या 2 ला निर्दोष समजून पत्र पुढे धाडणे हा मोठाच प्रमाद होय.

आपण होऊन तो काहीच पुसत नाही. ‘रिमूव्ह’ असे सांगितले तर मात्र दूषित फाईल समूळ नाहीशी करतो, आणि खरा अनर्थ येथेच घडतो. ‘एमबॉक्स’ या जुन्या पद्धतीत पेटीतील सारे टपाल एकाच फायलीत साठविलेले असते. एका पत्रात विषाणू निघाला की सारी फाईल दूषित ठरते आणि शेकडो निर्दोष पत्रे तिच्यासह जातात. जनरल रजिस्टराच्या एका पानास वाळवी लागली म्हणून कोणी सारे रजिस्टर चुलीत घालीत नाही! ‘मेलडिर’ पद्धतीत प्रत्येक पत्राची फाईल निराळी असल्याने हे भय नाही.

यास्तव प्रथम नुसती तपासणी करावी. सुटी फाईल असेल तर ‘मूव्ह’ सांगून ती वेगळ्या कप्प्यात हलवावी. क्वचित निर्दोष फाईलही दूषित ठरते, ती मग परत आणता येते. एमबॉक्स असेल तर आधी प्रत घ्यावी आणि दूषित पत्र तेवढे टपालाच्या प्रोग्राममधून काढून टाकावे.