शहराची तहान

शहराच्या पाण्याविषयीं जळकोटच्या एका निवृत्त मास्तरानें कां बोलावें, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. परंतु पाण्याचा हिशेब शहराला एक आणि खेड्याला दुसरा असा नसतो, म्हणून हें धाडस करीत आहें.

लातूर शहर मांजरा नदीवर जगतें. धनेगांवचें धरण लागोपाठच्या अवर्षणांमुळें कोरडें पडलें आणि सन २०१६ च्या उन्हाळ्यांत सुमारें चार लाख वस्तीच्या या शहराचे नळ बंद झाले. पाण्याच्या टाक्यांपाशीं दंगा होऊं नये, म्हणून मार्चमध्यें जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. दुष्काळ आपल्या मुलुखानें पुष्कळ पाहिले. पाण्यासाठीं जमावबंदी मात्र मी प्रथमच पाहिली.

१२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोंचली. दहा वाघिणींत मिळून सुमारें पांच लाख लिटर कृष्णेचें पाणी होतें. पुढें पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊं लागल्या, त्या ऑगस्टपर्यंत. ज्या सांगली जिल्ह्यानें हें पाणी दिलें, त्याच्या पूर्वभागांतही टंचाईच होती, हें आपण विसरूं नये.

त्याच सुमारास लातूरकरांनीं आणखी एक काम हातीं घेतलें. ‘जलयुक्त लातूर’ या नांवानें वर्गणी जमली. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, मजूर सर्वांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें भर घातली. साई ते नागझरी असें सुमारें अठरा किलोमीटर मांजरेचें पात्र रुंद व खोल करण्यांत आलें. त्या वर्षीं पाऊसही चांगला झाला.

परंतु पात्र खोल केल्यानें पाणी सांठतें, उत्पन्न होत नाहीं. वरच्या शिवारांत पाणी मुरलें नाहीं आणि खालीं उसाला व विंधणविहिरींना धरबंध राहिला नाहीं, तर खोल पात्रही कोरडेंच राहणार.

येथें माझाच दोष सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मीं अंगणांत खोल बोअर घेतली. शेजारच्या आजींच्या आडाचें पाणी खालीं गेलें. मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. २०१६ सालीं माझी बोअर आटली, तेव्हां त्याच आजींनीं तळाशीं झिरपणाऱ्या पाण्यांतून रोज एक घागर आमच्या दारांत ठेविली. एक शब्दही बोलल्या नाहींत. मुलांना नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या मला त्या घागरीनें धडा दिला. त्या पावसाळ्यांत मीं छपराचें पाणी गाळून त्यांच्या आडांत सोडलें.

आतां शाळेंतलें एक साधें गणित. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला कीं एक हजार लिटर पाणी होतें. म्हणजे पहिल्या आगगाडीनें जेवढें पाणी आणलें, तेवढें अशा पांचशें छपरांवर एका सरीसरशीं पडतें आणि गटारानें वाहून जातें.

टंचाईंत आपण एकत्र आलों, हें भूषणावह आहे. पाऊस भरपूर झालेल्या वर्षींही तसेंच एकत्र यावें. पुढच्या मृगापूर्वीं आपलें छप्पर आणि शेजाऱ्याचा आड यांकडे एकदां पाहावें, एवढी विनंति आहे.