डास खाडीतून येत नाहीत
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, आयुष्य बँकेत गेलं. पण गेली २५ वर्षं जनरल बॉडीत डासांचा विषय निघाला की एकच उत्तर ऐकतो: मानखुर्दला खाडी, नाला, शेजारी देवनारचं डंपिंग, डास असणारच! मागच्या पावसाळ्यात बी विंगमधले तिघे डेंग्यूने अ‍ॅडमिट झाले, तेव्हाही आपण खाडीलाच दोष दिला. प्लंबर वर गेला तेव्हा कळलं, टाकीचं झाकण अर्धं उघडं.

नाल्यातले डास झोपमोड करतात, हे खरं. पण मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी आणि डेंग्यूचा एडिस, दोघांनाही साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. म्हणजे टाकी, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली.

१८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. पुढे १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईची पाहणी करून बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर. त्या बुजवायला पुष्कळांचा विरोध झाला. पाणी स्वच्छ, शिवाय धर्मकार्याचं!

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. एडिसची मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते. एवढं व्याज आमच्या बँकेने कधी कुणाला दिलं नाही. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करायची, आणि कडा घासायच्या. अंडी कडेला चिकटतात, कोरडी महिनोन्महिने टिकतात. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत.

ताप आला तर रक्त तपासा. व्हायवॅक्स मलेरियात जंतू यकृतात दडून बसतो. डॉक्टरांनी १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या तर ताप उतरला तरी पुऱ्या करा. डेंग्यूचं उलटं आहे, ताप उतरताना धोका वाढतो. पोटात सारखं दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त दिसलं की थेट हॉस्पिटल. अंगदुखीला मनाने ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणारे माझ्या वयाचे इथे बरेच आहेत, त्यांनी डॉक्टरांना तसं सांगावं.

शेवटचं कमिटीला. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं टाकी बघायला येतात तेव्हा गच्चीला कुलूप, चावी सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी ऑफिसात. एक चावी वॉचमनकडे ठेवा, टाकीला पक्की शिडी बसवा. ठराव कुणीही मांडा, अनुमोदन माझं.